गणपतीतला रिपोर्ट

गणपतीला गावी जाऊन आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि सांगून टाकलं की खर्च आता झेपत नाही. एक तर तिसरा सर्व्हर जाईल, नाहीतर एक माणूस. गावाहून आणलेलं खाजं मी त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. त्यांनी एक तोंडात टाकलं आणि म्हणाले, बघू, सोमवारच्या मीटिंगला ठरवू.

सर्व्हर सांभाळायला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतला तो. मी कंपनीच्या सुरुवातीपासूनची, तो माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेला. त्यामुळे माणूस जाणार म्हणजे कोण जाणार, हे विचारायचीही मला गरज वाटली नाही. त्याने कांजूरमार्गला नुकतं घर घेतलं होतं आणि मुलगी बालवाडीत जायला लागली होती. साहेबांनी त्यालाच रिपोर्ट करायला सांगितला होता, की दोन सर्व्हरवर भागेल का. आपल्याच मानेचं माप त्याला घ्यायला लावलंय, असं मला वाटलं आणि साहेबांचा रागही आला.

आमचं ऑफिस अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात. ज्यांना स्वतःचा सर्व्हर परवडत नाही त्यांचं काम आमच्या सर्व्हरवर चालायचं. मुलुंडची एक शाळा, दोन-तीन ट्रान्सपोर्टवाले, काही सीए, घाटकोपरची एक पॅथॉलॉजी लॅब. प्रत्येकाला वाटायचं की आपलं वेगळं मशीन आहे. खरं तर तीनच मोठे सर्व्हर होते आणि त्यांच्या पोटात सॉफ्टवेअरने पाडलेली ही सगळी मशिनं, आमच्या भाषेत व्हीएम. मेमरी वाटून, प्रोसेसर वाटून, आणि सगळ्यांचा डेटा एकाच स्टोरेजवर. ज्या सॉफ्टवेअरने ही वाटणी होते त्याच्या परवान्याचे दर त्या वर्षी असे काही वाढले की साहेब बिल दोनदा वाचत बसले. परवाना दर सर्व्हरमागे, शिवाय सर्व्हरचं भाडं. भाड्याचा करार महिनाअखेरीला संपत होता आणि तिसरा सर्व्हर साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागला होता.

गुरुवारी त्याने रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. झकास केला होता. प्रत्येक व्हीएमचा आलेख, खाली एक ओळ, आणि शेवटी निष्कर्ष: तिन्ही सर्व्हर अर्धे रिकामे आहेत, दोनवर आरामात भागेल. मला हायसं वाटलं. सुटला बिचारा, असंच मनात आलं.

मग लॅबचं पान उघडलं आणि तिथेच अडकले. तापाचे दिवस होते. डेंग्यू, मलेरिया, घरोघरी कुणीतरी आडवं पडलेलं. अशा दिवसांत लॅबचा आलेख सकाळी अकराला वर जातो तो तीन वाजल्याशिवाय खाली येत नाही. इथे तो सपाट होता. शाळेचा सपाट, ट्रान्सपोर्टवाल्यांचा तर जमिनीला टेकलेला. मी तारखा पाहिल्या. पहिली तारीख माझ्या रजेच्या पहिल्या दिवसाची होती. शेवटची, गौरी-गणपती बोळवून मी परतीच्या एसटीत बसले त्या दिवसाची.

मी त्याला खाली टपरीवर नेलं आणि चहा हातात यायच्या आत विचारलं, हे दिवस कोणी निवडले. तो म्हणाला, टूल विचारतं ना, कधीपासून कधीपर्यंत, मी टाकले. मी म्हटलं, अर्धी मुंबई गावाला गेली होती तेव्हाचे टाकलेस. शाळा बंद, गाड्या बंद, लॅबमधल्या निम्म्या पोरी कोकणात. आपल्याकडे वर्षभराचे आकडे पडलेले असताना नेमके तेच दहा-बारा दिवस कुणाला उगाच सापडत नाहीत.

तो माझ्याकडे बघेना. चहात काहीतरी पडल्यासारखा ग्लासात बघत राहिला.

"राहू दे ना यार," तो शेवटी म्हणाला. "कशाला उकरून काढतेस? सर्व्हर जाऊ दे. नंतर आपण दोघं मिळून कसंही खेचू."

मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त चीड आली. घरी गेले तरी डोकं शांत होईना. विक्रोळीच्या आमच्या खोलीत नवरा टीव्ही लावून बसला होता, त्याच्यावरही विनाकारण ओरडले. तोंड उघडलं तर एका पोरीच्या बापाची नोकरी जाते. गप्प बसले तर लॅबचं मशीन कुठल्या तरी सकाळी गुदमरणार, आणि त्या सकाळी रिपोर्टची वाट बघणारा कोण असेल ते सांगता येत नाही. त्यातून एक पळवाट मला सुचली. कदाचित त्याचा निष्कर्ष खोट्या तारखांवरूनही खरा निघेल. दोन सर्व्हरवर खरंच भागत असेल तर कुणालाच काही सांगायला नको.

शुक्रवारी मी त्याला म्हटलं, कामाच्या वेळेतच तिसरा रिकामा करून बघू. हे करता येतं. चालू व्हीएम एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येते आणि पलीकडच्याला पत्ताही लागत नाही. तिसरा सर्व्हर चालूच राहणार होता, बिघडलं तर सगळं परत आणायचं. तो नको म्हणाला. दोनदा म्हणाला. मी सीनियरपणा दाखवला तेव्हा त्याने खुर्ची ओढली आणि कामाला लागला.

शाळा गेली, सीए गेले, ट्रान्सपोर्ट गेलं. शेवटी लॅब. तिसरा सर्व्हर रिकामा झाला आणि आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. मेमरीची पट्टी बरीच वर होती, पण धरून होती. अकरा वाजत आले तरी कुणाचा फोन नाही. मी मनातल्या मनात गावच्या देवाला सांगत होते, असंच चालू दे.

मग लॅबमध्ये सकाळचे नमुने पोचले. पट्टी सरकत सरकत वर टेकली. मेमरी संपली की सॉफ्टवेअर काय करतं, तर मेमरीतल्या गोष्टी डिस्कवर नेऊन ठेवतं. ओट्यावर जागा नाही म्हणून भांडी माळ्यावर टाकायची आणि दर फोडणीला शिडी लावून कढई खाली काढायची, तसला प्रकार. त्यात स्टोरेज सगळ्यांचं एकच. ज्यांना मेमरी पुरत होती तेही रांगेत अडकले. आधी शाळेचा फोन आला. तो मी कापला. दुसरा लॅबचा होता.

काउंटरवरची बाई रडवेली झाली होती. रिपोर्ट उघडत नव्हते. एका मुलाचे प्लेटलेट मोजून झाले होते, हॉस्पिटलमधून दोनदा विचारणा झाली होती, आणि आकडा आल्याशिवाय तिथले डॉक्टर पुढचं ठरवायला तयार नव्हते. मी म्हटलं, तोंडी सांगा. ती म्हणाली, तपासणाऱ्या डॉक्टरांची मंजुरी कॉम्प्युटरवरच होते, त्याशिवाय आम्हाला आकडा बाहेर देता येत नाही.

मी लॅबची व्हीएम परत तिसऱ्यावर टाकायला घेतली. ती हलेना. तिची अर्धी मेमरी डिस्कवर जाऊन पडली होती, ती आधी वर आणायची, मग पाठवायची, आणि डिस्कला तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. टक्के वाढतच नव्हते.

"वाट लागली," मी म्हटलं.

"लॅब हलवू नको," तो म्हणाला. "थांबव ते. लॅबला तिथेच राहू दे, बाकीच्यांना बाहेर काढू."

त्याने माझ्या हातून माउस काढूनच घेतला. आमची स्वतःची टेस्टची मशिनं त्याने सरळ बंद केली. ऑफिसच्या हजेरीचं मशीनही बंद केलं. बंद व्हीएमची मेमरी लगेच सुटते, तेवढी जागा झाली. मग हलक्यातली हलकी व्हीएम शोधून तो एकेक तिसऱ्यावर पाठवत गेला. मी फोनवर त्या बाईला धरून ठेवलं होतं, दोन मिनिटं, ताई, फक्त दोन मिनिटं. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. पट्टी खाली यायला लागली तशी स्टोरेजची रांगही मोकळी झाली, आणि फोनवर ती म्हणाली, उघडला. डॉक्टरांनी मंजूर केला. पाठवते. फोन ठेवला गेला. त्या मुलाचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

तो खुर्चीत मागे टेकला. "झालं तुझं समाधान?" असं त्याने हळूच विचारलं, आणि मला त्याचा एवढा राग आला की संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

शनिवार-रविवार मी घरात कुणाला जवळ येऊ दिलं नाही. सोमवारी मेट्रोत उभ्या उभ्या वाक्यं जुळवत गेले, की त्याच्यावर ठपका येणार नाही आणि गोष्ट मात्र सांगून होईल. मीटिंगमध्ये त्याने रिपोर्ट वाचला. नजर कागदावरून उचलली नाही. साहेब माझ्याकडे वळले. मी म्हटलं, हे आकडे गणपतीच्या सुट्टीतले आहेत, त्यांवर जाऊ नका. शुक्रवारी आम्ही दोघांनी करून बघितलं आणि लॅब बंद पडायची वेळ आली. तिसरा सर्व्हर काढता येणार नाही. साहेबांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग घाईने हेही म्हटलं की त्या दिवशी सगळं सावरलं ते यानेच, हा माणूस घालवू नका.

साहेबांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मॅडम, तो जाणार असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी सभ्यपणे. एक पगार कमी करायचा तर मोठाच करावा लागतो. माझ्या पगारात त्याच्यासारखे जवळजवळ दोघं बसतात. मी गावी असतानाच त्यांनी हे त्याच्या कानावर घातलं होतं, पुढे सगळं त्यालाच बघायचं होतं म्हणून. तेव्हा त्यानेच थोडे दिवस मागून घेतले होते. म्हणाला होता, मी रिपोर्ट करतो, सर्व्हर काढता येतो, मॅडमना राहू द्या.

मी बाहेर आले. इतक्या वर्षांत माझ्याशिवाय इथलं काही चालेल हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं, आणि त्याची मला तेव्हा सगळ्यात जास्त लाज वाटली. तो जागेवर बसला होता. समोर लॅबचा आलेख उघडा होता, अकरा वाजून गेल्यामुळे वर चढलेला. माझी चाहूल लागली तरी त्याने मान वळवली नाही.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?" तो म्हणाला. "तू तरीही बोललीच असतीस. मग सोमवारपर्यंत तुझी झोप कशाला घालवू?"

मी पर्स उघडून उगाच चाव्या शोधत राहिले. जाणार ती मीच आहे हे आधी कळलं असतं तर मी सोमवारी तोंड उघडलं असतं का, हे मी तेव्हापासून कितीदा तरी स्वतःला विचारलंय. त्याला माझ्याबद्दल जेवढी खात्री होती, तेवढी मला कधीच वाटलेली नाही.