काळी शाई, लाल शाई

गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशावर दोन डाग कायमचे, एक काळा, एक लाल. खिशात दोन पेनं. डोळ्यांनी पाहिलेलं काळ्या शाईत लिहायचं, मनानं रचलेलं लाल शाईत. बायको धुऊन धुऊन थकली, पण नेम सुटला नाही.

अकोल्यात आमच्या वस्तीजवळच्या शाळेत ते शिकवत. धम्म घेऊन आम्हाला तीन-चार वर्षं झाली होती. गावातली शहाणी माणसं ‘कालचे बौद्ध’ म्हणून नाक मुरडत. गुरुजींनी त्यावर खेळ काढला. सुटीत वस्तीतली लहानथोर सगळी चिठ्ठ्या उचलत. कुणी भिक्खू, कुणी व्यापारी, कुणी पाथरवट. मग पातूरच्या जुन्या लेण्यांत राहतोय असं समजून त्याच माणसाच्या तोंडून बोलायचं. माझी आई एकदा राजाची अधिकारी झाली आणि तिनं वडिलांना असं दरडावलं, की पुढे आठवडाभर ते जपूनच होते.

खेळासाठी गुरुजी रविवारी एस.टी.नं पातूरला जात, खांब वितीनं मोजत, म्हाताऱ्यांना विचारत बसत. लेणी आपलीच, बौद्धांचीच ना, असं मी घाईनं विचारलं, तर म्हणाले, “दगडानं अजून सांगतलं नाई, पोरी. सांगन तवा लिहू.”

अमरावतीच्या एका वकीलसाहेबांना इतिहासाचा शौक. त्यांनी गुरुजींची लेण्यांवरची वही, दोन शायांचा अर्थ समजून घेऊन, वाचायला नेली आणि आपल्या नावानं लेख छापला. गुरुजी त्यात ‘एक स्थानिक इसम’! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर पुन्हा निरोप आला, व्याख्यान आहे, दुसरी वही पाठवा. आणि हा भला माणूस तयार झाला. माझं अक्षर चांगलं, म्हणून नक्कल मला करायला सांगितली. दोन शाया विसरू नको, हे तीनदा बजावलं.

मी विसरले नाही. सोळा वर्षांची होते आणि मला सूड हवा होता. सगळी वही मी काळ्या शाईत उतरवली. गुरुजींनी खेळासाठी रचलेला डावखुरा भिका पाथरवट, राजाच्या तोंडावर छिन्नी फेकणारा, तोसुद्धा.

व्याख्यानाला गुरुजी मला अमरावतीला घेऊन गेले. वकीलसाहेब पाव तास भिकाच्या डाव्या हातावर बोलले. पुरावा विचारून भर सभेत त्यांचं नाक कापायचं मी ठरवलंच होतं. पण माझ्याआधी गुरुजी उठले.

“सायेब, भिका माया खेळातला हाय. तो कदी झालाच नाई. चूक माया वहीतली हाय.”

सभा हसली. वकीलसाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला, आणि काय सांगू, मला गार वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “मग लेणीही यांच्या खेळातलीच असतील!” हशा दुप्पट झाला. वकीलसाहेबही त्यात सामील झाले.

परतीच्या गाडीत मी सगळं कबूल केलं. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा गुरुजी बोलले, “वकिलाचा राग मलेई होता. पण आता माये मोजलेले खांब कोण खरे मानन?” त्यांनी लाल पेन काढून माझ्या हातात दिलं. परत कधी मागितलं नाही. लाल शाईशिवाय खेळ कसला? तो त्या उन्हाळ्यातच बंद पडला.

गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्या वकिलावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही. त्या सभेत त्याला द्यायची होती ती उत्तरं लाल शाईत लिहून लिहून मी वह्या भरल्या. ही हकिगत मात्र पहिल्या ओळीपासून काळ्या शाईत लिहिली आहे.