डाव्या हाताला शिकवणी

माझी मावशी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सत्तावीस वर्षं तिच्याकडे एकच जुनी गिअरची स्कूटर: डाव्या हातात क्लच आणि गिअर, उजव्या पायाखाली ब्रेक. चाकातली हवा, ऑइल, प्लग, दर रविवारी सगळं स्वतः बघते. "गॅरेजवाला गाडी दुरुस्त करतो गं, पण तिचा स्वभाव त्याला काय माहीत?" असं तिचं म्हणणं.

त्या सकाळी नमुन्यांचा थंड डबा मांडीवर घेऊन मी मागे बसले होते. डब्यात एका आजींचं रक्त होतं. आजींच्या शिरा म्हणजे लपंडाव! आधी आलेल्या दोघांनी टोचून टोचून हात निळा केला, पण एक शीर सापडेल तर शपथ. मावशीने गरम फडक्याने हात शेकला, गप्पा मारल्या आणि एका सुईत काम उरकलं.

"आता परत नाही ना टोचणार?" आजींनी विचारलं.

"नाही आजी. शब्द देते."

शब्द दिला खरा; पण दहाच्या आत लॅबमध्ये पोचला नाही, तर नमुना फुकट. आणि पावणेदहाला, औषधांच्या दुकानासमोर, टक्! क्लचची वायर तुटली. गाडी आचका देऊन बंद. डिकीत जादा वायर होती, पण ती बसवायला अर्धा तास. चालत गेलो तर पाऊण.

दुकानदार बाहेर आला. "ताई, माझी न्या. बिनगिअरची आहे. माझी आईसुद्धा चालवते!"

मावशी बसली. सवयीने डावी मूठ आवळली, उजवी पिळली. गाडी नुसतीच गुरगुरली. मूठ सोडली मात्र, अशी उसळली की बस! उजवा पाय ब्रेक शोधत रिकाम्या फळीवर आपटला. कशीबशी थांबली.

"ताई, इतकी वर्षं काय चालवत होता? शिलाई मशीन?"

"दादा, तुमच्या गाडीत क्लचच्या जागी ब्रेक आहे. मला कळलंय, माझ्या हाताला कळायचंय."

"मावशी, चल ना! नऊ सत्तेचाळीस झाले!"

"तू डबा धरून उभी राहा. असा हात घेऊन मी रस्त्यावर जाणार नाही."

आणि ती चक्क रिकाम्या गल्लीत फेऱ्या मारायला लागली. हेल्मेटमधून आवाज घुमत होता, "डावा ब्रेक! पाय गप्प! डावा ब्रेक! पाय गप्प!" माझा जीव टांगणीला, आणि हिची शाळा चालू. तिसऱ्या फेरीला ती माझ्यासमोर अलगद येऊन थांबली.

"बस."

नऊ एक्कावन्न.

चौकात पुढची बस एकदम थांबली. मी डबा छातीशी कवटाळला. मावशीची डावी बोटं हळूच मिटली आणि आमची गाडी अशी थांबली की डब्यातल्या नळ्यासुद्धा वाजल्या नाहीत. मी उगाच घाबरत होते.

दहाला दोन मिनिटं कमी असताना डबा काउंटरवर होता. लॅबमधल्या मॅडमनी नळी उजेडात धरली, घड्याळ पाहिलं.

"चालेल."

मावशीने तिथूनच फोन लावला. "आजी, पोचलं. आता हाताला आराम द्या."

पलीकडून आजींचा आवाज मलाही ऐकू आला, "गुणाची गं बाई! आता सुई घरी ठेव आणि नुसती गप्पा मारायला ये."