उतरणीवर दिगू मागे राहिला

हे बायकोलाही ठाऊक नाही. लिहायला बसण्याआधी मी दार लोटून घेतलं — आपल्याच घरात, या वयात.

दिगू आणि मी परळच्या एकाच चाळीत वाढलो. तो छापखान्यात लागला, मी विमा कंपनीत. पन्नाशीनंतर महिन्यातला एक रविवार आम्ही किल्ल्यांना दिला. इतिहास मी वाचून यायचो. पाणी आणि वहिनींनी बांधून दिलेल्या चपात्या दिगू वाहायचा. प्रत्येक दरवाजापाशी, पाण्याच्या टाक्यापाशी त्याचं एकच — "इथे काय झालं रे?" आणि मी सांगायचो. असा ऐकणारा पुन्हा मिळाला नाही. मग त्या दिवशी तो एकटा मला का पुरला नाही?

कर्जतकडचा किल्ला होता. वर कॉलेजची दहा-बारा मुलं भेटली. माझं बोलणं ऐकत ती आमच्याबरोबरच उतरायला लागली. एक मुलगी तर मोबाइलवर रेकॉर्डिंग करत होती. मला किती बरं वाटलं, काय सांगू — आणि आता त्याचीच लाज वाटते.

कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू झाल्या. मागून दिगूचा आवाज आला, "वायच थांब रे. पाय थरथरतायत. हात दी."

ऐकू आलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं. आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं होतं. पण मी एका लढाईच्या ऐन मध्यावर होतो, मुलं कान देऊन होती... "ये हळूहळू," म्हणालो. वळलोसुद्धा नाही.

मग दगड घरंगळले. वळलो तेव्हा दिगू खाली पडलेला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या मुलांनीच त्याला चादरीत घालून खाली आणलं.

संध्याकाळी हॉस्पिटलात, त्याच्या कॉटशेजारी, वहिनींनी विचारलं, "भावोजी, असं कसं झालं हो?"

आणि मी — खरंच, मी — म्हणालो, "मी थांब म्हणत होतो वहिनी. त्याने ऐकलं नाही."

दिगू जागा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या पंख्याकडे.

पुढची सात वर्षं तो चाळीचा जिना उतरला तो फक्त दवाखान्यासाठी. त्याला आधार देऊन उठवताना वहिनी बोलायच्या, "भावोजी सांगत होते, तेव्हा ऐकलं असतंत तर?" माझ्यासमोर बोलायच्या. तो म्हणायचा, "चुकलं माझं." मी तिथेच खुर्चीत चहा पीत असायचो. एकदा तरी कप खाली ठेवून खरं बोलता आलं नसतं? आलं असतं. रोज येत होतं.

गेल्या महिन्यात दिगू गेला. तेराव्याला वहिनींनी मला आग्रहाने पहिल्या पंगतीला बसवलं. वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचं ऐकायला हवं होतं त्यांनी."

मी "हो" म्हणालो. आणि जेवलो.