मिस्त्रींचा हात

आमचे मिस्त्री चहा आधी मशीनला दाखवायचे, मग स्वतः प्यायचे. चालू लेथच्या डोक्यावर भरलेली बशी ठेवायची आणि वाकून तिच्याकडे बघत राहायचं, हा रोजचा खाक्या. चहा शांत असला की फुर्र करून एका दमात संपवणार. त्यावर बारीक लहरी उठल्या, तर चहा गार झाला तरी बेहत्तर, आधी पाना हातात! नवा माणूस हे बघून हसायचा. मीही हसायचो. मी तर डिप्लोमा केलेला शहाणा.

जुन्नरचं आमचं वर्कशॉप वडिलांनी टाकलेलं, आणि मिस्त्री वडिलांच्या वेळचे. मढहून सकाळच्या एसटीने यायचे. माणसांशी कामापुरतं बोलणार, पण मशीनशी दिवसभर गप्पा. "आज का गं बया कुरकुरतीस?" असं विचारून तिच्या डोक्यावर तळवा ठेवायचे. मी लहानपणापासून "मिस्त्री" म्हणायचो, आणि मी मालक झाल्यापासून ते मला "भाऊ" म्हणू लागले. त्याआधी नुसतं "ए बाळ्या" होतं.

त्या वर्षी द्राक्षांच्या हंगामाआधी फवारणी पंपांच्या शाफ्टचं मोठं काम आलं होतं. एका सकाळी बशीकडे बघून मिस्त्री म्हणाले, "भाऊ, स्पिंडल गेलाय. बेअरिंग खिळखिळं झालंय. डोकं उघडाय लागंल." स्पिंडल म्हणजे लेथचा फिरता कणा, ज्या लोखंडाला आकार द्यायचा ते त्यालाच पकडलेलं असतं. कणाच डुगडुगला तर हत्यार सरळ कापणार कसं?

मी म्हटलं, "मिस्त्री, वरवरचा कट घेतला तर फिनिश चांगला येतोय की."

"वरवर येतोय. जरा खोल घेतला का थरथर सुटती. कच्च्या रस्त्यावर गाडी एकदा उसळली का पुढं आपटती, तिथं खड्डा पडतो, मागची गाडी त्याच खड्ड्यात आपटून तो वाढवती. तसंच हाय हे. एका फेऱ्यात लाट उठली का पुढच्या फेऱ्यात टूल तिच्यावरच चढतं."

त्यांनी मला हे तीनदा सांगितलं. वेग बदलून बघितला, टूल आखूड धरलं, कसंबसं दिवस ढकलले. डोकं उघडायचं म्हणजे आठवडाभर मशीन बंद, आणि मी प्रत्येक वेळी एकच म्हणालो, "हंगाम जाऊ द्या."

मग मंचरचे पंपवाले शेठ आले. दोन शाफ्ट टेबलावर आपटून म्हणाले, "हे काय? नखाला लाटा लागतायत!" आमच्याकडे तेव्हा नारायणगावचे एक वर्कशॉपवाले होते, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय करणार शेठ, मिस्त्रींचं वय झालं. हात कापतो आता त्यांचा."

मिस्त्री तिथेच, मशीनपाशी उभे होते. लेथ ऑटो फीडवर चालू होता, म्हणजे हत्यार मशीनच पुढे सरकवत होतं आणि मिस्त्रींचे दोन्ही हात कमरेवर होते. ते शाफ्टसुद्धा असेच ऑटो फीडवर कापले होते. हात कापतो म्हणून त्यावर लाटा येत नाहीत, हे शिकाऊ पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं! लाज वाटते सांगायला, पण ते वाक्य मला इतकं सोयीचं वाटलं, की पुढे ज्याने विचारलं त्याला मी तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना ड्रिलवर बसवलं. महिनाभर गुमान भोकं पाडली त्यांनी, मग यायचे थांबले. नारायणगावच्या त्या वर्कशॉपात काम मागायला गेले होते, असं नंतर कळलं. "हात कापतो ना तुमचा?" म्हणून त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

लेथवर मी नवा गडी आणला, मनगटं बघावीत अशी. आठ दिवसांत त्याच्याही कामावर त्याच लाटा. लेथचं डोकं उघडलं तर बेअरिंगच्या कड्यांना खड्डे पडलेले आणि बेअरिंग बसतं तिथे स्पिंडल झिजलेला.

मढला गेलो. मिस्त्री ओट्यावर विळ्याला धार लावत होते. मी सगळं सांगितलं, माफ करा म्हटलं, परत चला म्हटलं.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले.

"मग तेव्हाच बोलला का नाही?"

"गिऱ्हाइकासमोर मालकाला खोटं पाडू व्हय?" त्यांनी विळा बाजूला ठेवला. "भाऊ, तुमी बोलला चार माणसांत. आन् आता मला एकल्याला गाठून सांगताय. मला काय सांगता? त्यांना सांगा की."

"सांगतो," मी म्हणालो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. शेठ काय म्हणतील, बाकीचा माल परत येईल का, हजार विचार. त्या हिवाळ्यात मिस्त्री झोपेतच गेले.

दशक्रियेला नदीवर बरीच माणसं होती. शेठ होते, नारायणगावचेही होते. श्रद्धांजलीसाठी माझं नाव पुकारलं. तेच सांगायचं ठरवून उठलो होतो, आणि माईकवर बोललो काय, तर "मिस्त्री म्हणजे देवमाणूस, त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली." वा रे बहाद्दर!

चपला घालताना नारायणगावचे जवळ आले. हळहळून म्हणाले, "कारागीर मोठा, राव. पण शेवटी शेवटी हात गेला होता, नाय का?"

आणि मी मान डोलावली.