न सुटणारी मूठ

त्यानं माझी दोन बोटं धरली होती आणि तो ती सोडत नव्हता.

"सोडा आता," मी म्हणाले.

"सोडतूय बाई. हातच सुटंना."

बाकावर बसलेल्या बायका बघायला लागल्या. नर्सबाईंनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले, कारण दुसरीकडे कुठं पाहावं ते मला कळेना. अकरा सेकंद झाले. मग त्याची मूठ एकेक बोट करून, गंजलेल्या कडीसारखी उघडली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

कोंडिबा मार्गासनीचा पैलवान. वय बाविशीचं. त्याचे खांदे असे होते की तो समोर बसला की खिडकीतला उजेड अडायचा. भोरच्या दवाखान्यात मी बायकामुलांची डॉक्टर. तो माझ्याकडे आला, कारण आमचे थोरले डॉक्टरसाहेब देवी टोचायच्या कामाला खेड्यांत गेले होते.

भानगड अशी होती. कुस्तीआधी पैलवान एकमेकांचा हात हातात घेतात, ती सलामी. भोरच्या मैदानात कोंडिबानं सलामीला हात दिला आणि मग सोडलाच नाही. समोरच्याला वाटलं, हा डाव टाकतोय. त्यानं मनगट पिरगाळलं, दोघांची माणसं आत घुसली, आणि कुस्ती न होताच मैदान उठलं. पंचांनी सांगितलं, डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय या गड्याला पुन्हा आखाड्यात पाय ठेवू देणार नाही.

त्याचे वस्ताद, म्हणजे तालमीतले गुरू, त्याच्यासोबत आले होते. त्यांनी मला सरळ हिशेब सांगितला.

"बाई, रोग हाय म्हणून लिवलं तर रोग्यासंगं लढाय कोण जोड देतंय? आन रोग न्हाई म्हणून लिवलं तर पोरगं लबाड ठरतंय. काय लिवायचं ते तुमी बघा."

वेल्ह्याची जत्रा पंधरा दिवसांवर होती. तिथं कोंडिबाची कुस्ती लागली होती.

हे त्याचं दुसरं येणं. आधीच्या आठवड्यात तो आला तेव्हा मी त्याला टेबलापलीकडून हात वर करायला लावले, खाली करायला लावले, आणि स्नायूंवर ताण आलाय असं ठरवलं. चोळायला तेल दिलं आणि आठ दिवस पूर्ण विश्रांती लिहिली. त्याचा हात मी हातात घेतला नव्हता. परक्या पुरुषाचा हात धरायचा मला संकोच वाटला, हे खरं कारण. विश्रांती घेऊन तो आला तो जास्त बिघडून. पायरी चढताना पाय ताठरले आणि तो दारातच आडवा झाला. तेव्हा मला माझी लाज वाटली आणि मी बोटं पुढं केली. पकड पाहायची ती आमची साधी रीत आहे.

"पुन्हा दाबा," मी म्हणाले.

या वेळी आठ सेकंद. मग पाच. सातव्या-आठव्या वेळेला त्याची मूठ माझ्यासारखीच चटकन उघडली. दुखण्यानं माणूस थकत जातो, हा सुटत चालला होता. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी लाजायचं विसरले.

मग त्याला अर्धा तास हात न हलवता बसवलं. गुडघ्यावर मारायची रबराची हातोडी घेऊन त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी हलकेच ठोकलं. अंगठा तळव्याकडे वळला आणि तिथंच राहिला. मग सावकाश परतला.

"घरात आणखी कुणाला असं होतं का?"

कोंडिबा खाली बघत म्हणाला, "आत्याला हुतं. जात्याचा खुटा सुटत न्हाई तिला. सकाळी पयल्यांदा. मग दळाय लागली की पायलीभर दळती."

"कुणाला सांगितलं नाही कधी?"

"त्यात काय सांगायचं? आमच्यात असतंय ते."

संध्याकाळी मी कॉलेजातलं जाड पुस्तक काढलं. या रोगाला तिथं जेमतेम अर्धं पान होतं. मायोटोनिया. जन्मजात आणि घराण्यात चालणारा. आपण मूठ आवळतो तेव्हा स्नायू आखडतो, आणि सोडतो तेव्हा सैल पडतो. या माणसांचा स्नायू आखडतो झटकन, पण सैल पडायला वेळ घेतो. बसून उठल्यावर आणि गारठ्यात जास्त. हालचाल करत राहिलं की कमी होतो. स्नायू दिसायला भरदार असतात. जिवाला धोका नाही. ते अर्धं पान मी तीनदा वाचलं.

डॉक्टरसाहेब परतल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी जाकीट खुंटीला लावत ऐकलं.

"संधिवात लिहा आणि मोकळ्या व्हा."

"पण सर, संधिवात नाहीये."

"पंचांना त्याच्यापुढचं काय कळणार आहे?"

मला वाद घालता येत नाही. पण मी संधिवातही लिहिला नाही.

मला एकच गोष्ट समजत नव्हती. तालमीत रोज शेकड्यानं जोर काढणारा हा गडी, तिथं त्याची मूठ अडत नव्हती. मग नेमकी मैदानातच का? मी वस्तादांना विचारलं, कुस्तीच्या दिवशी तो काय करतो?

"काय करंल? काय न्हाई. म्या त्याला घोंगडीत गुंडाळून बसवतो तासभर. बोट हलवायचं न्हाई. जोर अंगात मुरला पायजे."

मला हसू आलं नाही, कारण आठ दिवसांची घोंगडी मी पण लिहून दिली होती.

वस्तादांना समजावणं अवघड गेलं. त्यांच्या वस्तादांनी त्यांनाही तसंच बसवलं होतं. "बाई, कुस्ती मला नका शिकवू," ते शांतपणे म्हणाले. मी म्हटलं, शिकवत नाही, फक्त हात द्या त्याला. कोंडिबा बाकावर तासभर बसलेलाच होता. वस्तादांनी हात दिला, आणि अडकला. त्यांचा चेहरा बदलला. बारा वर्षं शिकवलेल्या पोराचा हात त्यांनी कधी थंड असताना धरलाच नव्हता. मग कोंडिबाला मागच्या अंगणात जोर काढायला लावले. परत आल्यावर त्यानं वस्तादांचा हात धरला आणि लगेच सोडला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. वस्ताद बराच वेळ आपला पंजा बघत होते.

"म्हंजी म्याच बांधून घालत हुतो व्हय त्याला," ते म्हणाले.

कागदावर मी लिहिलं: या इसमाच्या स्नायूंची ठेवण जन्मतः वेगळी आहे. बसून राहिल्यावर त्याची पहिली पकड उशिरा सुटते. ती तो मुद्दाम धरत नाही. त्याला सलामीआधी अंग गरम करू द्यावं. मग तो कुस्तीला योग्य आहे. डॉक्टरसाहेबांनी वाचून सही केली. "हा रोगाचा दाखला आहे की तंदुरुस्तीचा?" असं विचारलं मात्र. दोन्हीचा, असं मी म्हणाले.

जत्रेत पटकीची लस टोचायला आम्ही वेल्ह्याला होतोच. बायका आखाड्याजवळ जात नाहीत, म्हणून मी कोंडिबाच्या आत्याबरोबर लांब बैलगाडीत बसले. आम्हाला फक्त फेटे दिसत होते. पण आखाड्यामागं जोर काढणारा कोंडिबा दिसला. लोक हसत होते, कुस्तीआधीच दमतोय म्हणून. वस्ताद शेजारी उभे राहून मोजत होते.

सलामी झाली. आत्यानं माझं मनगट धरलं. गर्दीतून काहीच आवाज आला नाही, म्हणजे हात सुटला होता. कुस्ती लांबली आणि शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली.

मान म्हणून दोघांना फेटे बांधायचे होते. तोवर कोंडिबा थकून मातीत बसला होता. नाव पुकारलं तेव्हा त्याला उठताच येईना. लोक ओरडायला लागले, पैलवानाला माज आलाय. वस्ताद आत गेले, त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि फेटा बांधायच्या आधी आखाड्याला दोन फेऱ्या चालवलं.

इकडे गाडीत आत्यानं माझं मनगट अजून धरलेलं होतं.

"सोडती बाई," ती म्हणाली, "जरा थांबा."

आता कुणाच्याही कागदावर विश्रांती लिहिण्याआधी मी विचारते, बसून उठल्यावर कसं वाटतं? आणि हात हातात घेऊन बघते.