वास्तुशांत आणि मेथीचा डबा

वास्तुशांत होती शेवगावच्या घराची. रक्तदाब वाढला सावेडीतल्या आमच्या घरी, माझा.

शेवगावला जुन्या जागेवर धाकट्या दिरांनी नवं घर बांधलं आणि मोठा भाऊ म्हणून पूजेला आमच्या ह्यांनी आणि मी बसायचं ठरलं. तेवीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच कुणीतरी पाटावर बसवणार होतं. मी पैठणी काढली, ब्लाउज उसवून घेतलं आणि मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. (सणासुदीला या गोळ्या आमच्याकडे उदबत्तीइतक्या खपतात. डॉक्टरला कोण विचारतं!) सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळीचा काही नेम राहिला नव्हता. नेमकी त्याच दिवशी टपकली तर?

पहिली तारीख फरशीवाल्याने बुडवली, दुसरी गुरुजींच्या कंबरेने. दर वेळी दीर फोन करून त्यांची तारीख पुढे ढकलायचे आणि मी मेडिकलमध्ये जाऊन माझी! गोळ्यांची पाकिटं मी मेथीच्या डब्यात लपवली होती. तो डबा आमच्याकडे माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. ह्यांनी बीपीचं मशीन माझ्या दंडाला गुंडाळलं. एकशेसाठ-शंभर!

"मशीन बिघडलंय," मी म्हणाले.

ह्यांनी ते सासूबाईंना लावून पाहिलं, मग खालच्या नसीमभाभींना, मग दूधवाल्याला. सगळे ठणठणीत. मशीनचा राग फक्त माझ्यावर होता.

"मीठ बंद!" ह्यांनी जाहीर केलं.

"लोनचं, पापड बी बंद," सासूबाई म्हणाल्या. "आमी जलमभर रानात राबलो, आमाला कुटं झालं बीपी?" (मशीन त्यांच्याच बीपीसाठी आणलेलं होतं!)

मग हे दिवसातून सहा वेळा माझं बीपी मोजू लागले. "शांत बस. अगं शांत! अजून शांत!! तू मुद्दाम करतेस का?" आकडा वरच. शेवटी मायलेकांनी ठरवलं, उतरलं नाही तर पूजेला धाकट्या जावेला बसवायचं. हे ऐकून मात्र मला खरंच रडू आलं. पैठणी इस्त्री करून कपाटाच्या दाराला लटकवलेली होती.

पूजेची तिसरी तारीख गुरुवारची होती; सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाहीत," मी भिंतीकडे बघत म्हणाले.

सासूबाईंनी पिशवीतून सगळी पाकिटं काढून टेबलावर मांडली. "मेथीच्या डब्यात घावली. कढीला फोडनी द्याया गेल्ते."

ह्यांचं बीपी त्या क्षणी मोजायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पाकिटं उलटसुलट पाहिली. "या हार्मोनच्या गोळ्या. काही जणींच्या अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतात, मग बीपी चढतं. शिवाय या वयात बाईच्या अंगातलं मूळचं हार्मोन कमी व्हायला लागतं, तेव्हाही बीपी वर सरकू शकतं. आजच बंद करा. शेवटची पाळी कधी आली होती?"

मी बोटं मोजू लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बाजूला बसले होते. आता वैशाख संपत आला होता. डॉक्टरीणबाई पुढे काहीतरी महत्त्वाचं सांगत होत्या, पण मोजताना माझा एक महिना सुटत होता, म्हणून मी पुन्हा मोजलं. चार महिने!

"म्हंजी," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "जी येतच न्हवती, तिला तू थोपवून धरली हुतीस व्हय?"

परतताना ह्यांचे खांदे रिक्षाभर हसण्याने हलत होते.

गोळ्या थांबल्या आणि बीपी उतरू लागलं. गुरुवारी सकाळी शेवगावला एकशेतीस-ऐंशी! "बसायचं तूच," सासूबाई म्हणाल्या. मी पैठणी हातात घेतली आणि पोटात कळ आली.

गोळ्या बंद केल्या की दोन-चार दिवसांत पाळी येऊ शकते, हेच डॉक्टरीणबाई तेव्हा सांगत होत्या म्हणे. (ह्यांनी ऐकलं होतं. "मला वाटलं, तुला माहीत असेल!")

पूजेला धाकटी बसली, माझी पैठणी नेसून. मी मागच्या खोलीत, बीपी उत्तम. चार महिने जी फिरकली नव्हती, तिला मी तीन आठवडे गोळ्या खाऊन अगदी मुहूर्तावर बोलावून आणलं होतं!