न आटवलेला काढा

पुरुषोत्तम वैद्यांच्या घराण्यात कुणीच कधी वैद्यकी केली नव्हती. पण आडनावाचा मान म्हणून प्रत्येक औषधाबद्दल आपलं एक मत हवं, असं त्यांना वाटे. नागपूरहून ते अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे, निमिषकडे आले ते नातीचं, सियाचं ग्रॅज्युएशन डोळ्यांनी बघायला. नेमकी तिथंच पंचाईत होती. प्रोस्टेटमुळे त्यांना घटकेघटकेला उठावं लागे. समारंभ लांबलचक, नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, आणि वैद्यांचं ‘व्ही’ पार शेपटाला. निमिषला सांगावं, तर तो डॉक्टरकडे नेणार. आणि डॉक्टर काय तपासतात हे ऐकून असल्यामुळे ते गप्प होते.

सकाळी मॉलमध्ये फेऱ्या मारताना तिथंच ओळख झालेल्या नरेंद्ररावांनी तोडगा सांगितला.

“आफ्रिकेच्या डोंगरात पिजियम नावाचं झाड असतं. तिथले म्हातारे पूर्वापार त्याच्या सालीची पूड घेतात, लघवीच्या तक्रारीवर. इथं कॅप्सूल मिळते. जेवणासोबत गिळायची, झालं.”

“पथ्य?”

“पथ्य कसलं हो? अमेरिका आहे ही.”

पथ्य नाही म्हणजे सांगणाऱ्यानं अर्धंच सांगितलं, असं पुरुषोत्तमरावांनी ठरवलं. साल म्हटल्यावर काढाच हवा. त्यांनी कॅप्सूल फोडून पूड भांडंभर पाण्यात उकळली. पाव हिस्सा उरेस्तोवर आटवायचं, हे त्यांना ठाऊक होतं. पण इतक्या दुरून आलेल्या झाडाचा गुण वाफेवर घालवायला जीव होईना. भांडंभर काढा ते तसाच प्यायले.

बाथरूमच्या फेऱ्या वाढल्या. आता हा गुण म्हणायचा की अवगुण? औषध लागू पडताना आधी त्रास वाढतो, असं आई म्हणायची. पण साफ होतंय म्हणावं, तर ते सारखंच होतंय. बराच खल करून त्यांनी काढा दुप्पट केला. समारंभाच्या सकाळी तर आधार म्हणून आणखी एक भांडं.

नावं ‘एस’पर्यंत आली तेव्हा ते रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडत बाहेर पडले. हात धूत असताना स्पीकरमधून “सिया वैद्य” ऐकू आलं. मग टाळ्या.

कॉरिडॉरच्या बाकावर ते बसून होते, तिथं काळा गाऊन सावरत सिया आली.

“आजोबा! डिड यू सी मी?”

‘हो’ म्हणणं सोपं होतं. त्यांनी सगळं सांगितलं, भांड्यासकट.

“पण मग एवढं पाणी कशाला प्यायचं?”

“पाणी नाही गं. काढा.”

सिया बाकावर कोसळून हसली. “उद्या डॉक्टर. मी ड्राइव्ह करते. बाबाला नंतर सांगू.”

“पण झाड काम करतं की नाही, ते कसं कळणार?”

“ओ माय गॉड, आजोबा! बसा इथं. नीट बघा.” तिनं टोपी सरळ केली, कॉरिडॉरच्या टोकाला गेली आणि स्वतःच पुकारा केला, “सिया वैद्य!”

ताठ मानेनं ती चालू लागली. पुरुषोत्तमरावांचे डोळे भरून आले. टाळीसाठी त्यांनी हात वर केले, जरा घुटमळले, आणि एका हाताची करंगळी तेवढी वर राहिली.

सिया अर्ध्या वाटेत थांबली.

“जा,” ती म्हणाली. “मी इथंच उभी आहे.”